पाण्यावर फुंकायची दुआ

रुकय्या गेल्याचा फोन आला तेव्हा दाऊद नाखवा बंदरावर टेम्पोतून बर्फ उतरवत होता. ती तापाने दवाखान्यात होती आणि बरी होऊन येणार असंच सगळे धरून चालले होते. फोन मेहुण्याचा होता. "दाऊदभाई, आपा गेली," एवढंच तो बोलला आणि रडायला लागला. निम्म्या लाद्या उतरल्या होत्या. उरलेल्या कुणी उतरवल्या, टेम्पो घरी कुणी आणला, हे दाऊदला आजपर्यंत कळलेलं नाही.

तेव्हापासून घरात दोघंच. दाऊद आणि त्याची दहावीतली मुलगी नौशीन. भांडण नाही, अबोला नाही, पण बोलणंही नाही. "जेवलीस?" "हो." "दार लावून घे." "हो, अब्बा." एवढ्यावर दिवस निघतो.

रुकय्या होती तेव्हा परीक्षेच्या सकाळची एक रीत होती. नौशीन गणवेश घालून चटईवर बसायची. रुकय्या पाण्याचा पेला तोंडाशी धरून मूसा नबींची दुआ म्हणायची आणि पाण्यावर फुंकर घालायची. पोरगी ते पाणी बसून प्यायची, मगच चपला घालायची. दाऊद त्या वेळी बाहेर टेम्पोची काच पुसत असायचा. हे काम आयांचं, असं त्याला वाटायचं.

मग सराव परीक्षा आली. पहिल्या सकाळी नौशीन चटईवर येऊन बसली. मागितलं काही नाही, नुसती बसली. दाऊदने पेला भरला आणि तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं की ती दुआ आपल्याला येतच नाही. त्याला नमाजपुरतं येतं, आणि वर एक, गाडी सुरू करताना म्हणायची प्रवासाची दुआ. त्याने तीच म्हटली आणि फुंकर घातली. नौशीनने पेल्याच्या कडेवरून एकदा त्याच्याकडे बघितलं आणि पाणी पिऊन टाकलं. दुसऱ्या सकाळी ती चटईवर बसली नाही. उभ्याउभ्याच निघून गेली.

उद्या बोर्डाचा पहिला पेपर. इमामसाहेबांना विचारावं म्हणून दाऊद जुम्म्याच्या नमाजनंतर मशिदीत रेंगाळला होता. पण आजूबाजूला मदरशाची पोरं होती, आणि त्यांच्यासमोर तोंड उघडलं नाही.

आज दुपारची नमाज पढून तो आडवा झालाय. डोक्यावर पंखा घरघरतोय. ती घरघर हळूहळू बर्फ फोडायच्या मशीनची होते. दाऊदला वाटतं, उठायला हवं, होडीवाले खोळंबलेत. तो उठतो. स्वयंपाकघरात रुकय्या सूप घेऊन तांदूळ निवडत बसलीय.

तो दचकत नाही. ती इथे नव्हती, हेच त्याला आता आठवत नाही.

"पोरीला काय टेम्पोत घालून पाठवलंत?" ती मान वर न करता विचारते.

"तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? डिझेलचा वास इथपर्यंत आला."

ती ओढणी तोंडावर धरून हसते. दाऊदलाही हसू येतं, आणि छातीत दुखतं.

"मला येत होतं ते म्हटलं."

"मग वाईट काय केलंत? शाळेत सुखरूप पोचली ना?"

ती सूप पाखडते. सुपात तांदूळ नाहीत, बर्फाचा चुरा आहे. मागची भिंत नाही. दोघं बंदरावर बसलेत आणि धक्क्याला होड्या लागायच्या तिथे शाळेची बाकं ओळीने लागलीत. बाकांवर कुणी नाही. भरतीचं पाणी त्यांच्या पायांपर्यंत आलंय.

"रुकय्या, ती दुआ शिकव मला. उद्या पेपर आहे."

"हात द्या इकडे. चार ओळी, चार बोटं." ती त्याची करंगळी धरते. तिचा हात गार आहे. ती अरबीत म्हणते आणि मग त्याचा अर्थ सांगते, "या रब, माझी छाती मोकळी कर."

तो तिच्यामागून म्हणतो. जमतं.

"माझं काम सोपं कर."

तेही जमतं. मधल्या बोटावर मात्र तो अडकतो.

"माझ्या जिभेची गाठ सोड. म्हणा ना."

जीभ उचलत नाही. रुकय्याचं नख बोटात रुततं.

"परत सांग."

"किती वेळा सांगू? बर्फ वितळतोय तिकडे."

"तुला कशी पाठ झाली एवढी? तूसुद्धा माझ्यासारखीच अडखळायचीस."

"मला कुठे येत होती?" ती म्हणते. "नौशीन मदरशातून शिकून आली. मी भाकऱ्या थापायची आणि ती समोर बसून माझ्याकडून घोकून घ्यायची. चुकले की परातीवर चमचा आपटायची. 'अम्मी, परत!' मौलवीसाहेब परवडले."

दाऊद म्हणतो, "म्हणजे तिला येतेच की. मग तुझ्या फुंकरीची गरज काय होती तिला?"

"अवो, स्वतःच्या पाण्यावर स्वतःच फुंकून पितं का कुणी?" ती त्याचा हात सोडते. "मला काय विचारत बसलात? तिला विचारा."

"कोणत्या तोंडाने विचारू?"

"ह्याच. दुसरं कुठाय तुमच्याकडे?"

तो काही बोलणार, तोवर ती त्याच्याजवळ नाही. पार शेवटच्या बाकावर जाऊन बसलीय, पाय पाण्यात, मान खाली, पेपर लिहिणाऱ्या पोरीसारखी. तो हाक मारतो. आवाज फुटत नाही. ती मान वर करत नाही.

डोळे उघडतात तेव्हा उतरत्या दुपारची, असरची अजान चाललीय. घर तेच, पंखा तोच.  दाऊद हात समोर धरतो. मधल्या बोटावर नखाची खूण आहे, लाल, नुकती रुतलेली. त्याची स्वतःची नखं बर्फाच्या कामात झिजून आत गेलीत. तो अंगठ्याचं नख शेजारच्या बोटावर दाबून बघतो. नुसता दाब पडतो, खूण उमटत नाही.

तो उठून आतल्या खोलीच्या दारात जातो. नौशीन पुस्तकावर वाकलीय.

"काय, अब्बा?"

"काही नाही. चहा ठेवू?"

"ठेवा."

तो चुलीपाशी येतो. पहिल्या दोन ओळी मनात म्हणून बघतो. येतात. तिसरीशी थांबतो.

पेपर उद्या सकाळी आहे. उरलेल्या दोन ओळी नौशीनला विचारायच्या राहिल्यात.