कंपनी फिटिंग

रोडपालीत हरेश कडूंची गाडी गतिरोधकापाशी आली की त्यांच्या पत्नी दिपिका खाली उतरत. वजन कमी झालं की गाडी बोटभर वर येई. मग हरेश ती तिरकी करून एकेक चाक पलीकडे नेत, आणि दिपिका पुन्हा आत बसत. घरापासून हायवेपर्यंत असे पाच गतिरोधक आहेत. "मी चालत गेले असते तर एव्हाना भाजी घेऊन परतले असते," असं दिपिका म्हणत. त्यात अतिशयोक्ती नव्हती.

हरेश बेचाळीस वर्षांचे आहेत. कळंबोलीच्या लोखंड बाजारातला एक वजनकाटा ते सांभाळतात. ट्रेलर काट्यावर येतो, हरेश आकडा वाचतात, पावती देतात आणि पुढच्याला हात करतात. कामात त्यांचा हात कुणी धरत नाही. ठरलेल्या वजनापेक्षा जास्त माल भरलेला ट्रेलर ते चाकांवरूनच ओळखतात आणि त्याबद्दल ड्रायव्हरला दोन शब्द सुनावतातही. स्वतःच्या गाडीत मात्र त्यांनी पंधरा वर्षं नुसतं भरतच नेलं.

गाडी २०१० सालची. पांढरी, चार दारांची, त्या वर्षी प्रत्येक तिसऱ्या घरात आली तशी. घेतल्यानंतर महिनाभरात ते उलव्याला एका लग्नाला गेले. निघताना पार्किंगमध्ये बराच वेळ दाराशी किल्ली घेऊन झटत राहिले, तेव्हा मागच्या सीटवरून एक अनोळखी आजोबा आपल्याकडे शांतपणे बघतायत हे त्यांच्या लक्षात आलं. गाडी दुसऱ्याची होती. त्यांची स्वतःची तिच्या शेजारची, किंवा तिच्याही शेजारची होती. घरी परतताना हरेशनी ठरवलं की आपली गाडी पुन्हा कधी कुणाच्या गाडीसारखी दिसणार नाही.

पनवेलचे रहीम तुंगेकर तेव्हा शारजाहून नुकते परतले होते. तिकडच्या गॅरेजमध्ये शिकलेलं सगळं इथे कुणावर तरी वापरून बघायचं त्यांच्या मनात होतं. दोघांची गाठ पडली. आधी सायलेन्सर गेला आणि त्या जागी मनगट जाईल एवढा पाइप आला. मग स्प्रिंगा छोट्या होऊन गाडी जमिनीलगत आली, चाकं रुंद झाली, बॉनेट बदललं. नव्या बॉनेटला हवा आत घेणारं एक तोंड होतं, पण त्यातून हवा कुठे जाते हे रहीमनाही सांगता येत नसे. मागची सीट काढून तिथे स्पीकरचं खोकं बसवलं. शेवटी सगळ्यावर तांबूस चंदेरी रंगाचं स्टिकर चढलं.

याची किंमत कमरेने दिली. स्प्रिंगा छोट्या झाल्यावर रस्त्यावरचा प्रत्येक खडा हरेशना नावानिशी कळू लागला. मुलीने कॉलेजला जायला स्कूटर घेतली आणि कारण विचारल्यावर "असंच" म्हणाली. आई गुणाबाई तर एकदाही गाडीत बसल्या नाहीत. "इहिरीत उतरल्यावानी उतरायचं," त्या म्हणत, "नि वर काढायला चार मानसं लागतीन."

मिळकतही होती. कुणाकडे हळद असली की गाडी मांडवाच्या तोंडाशी लावायला बोलावणं येई, आणि नवरदेवाच्या आधी तिचे फोटो निघत. काट्यावर आलेले परप्रांतीय ड्रायव्हर केबिनमधून उतरून तिच्याभोवती एक फेरी मारत. एका प्रदर्शनात तिला सर्वांत बुटक्या गाडीचा करंडक मिळाला. करंडक गाडीपेक्षा उंच आहे, असं चुलते काळूराम चारचौघांत सांगत, आणि हरेश ते कौतुक म्हणून घेत.

गेल्या वर्षी गाडीला पंधरा वर्षं झाली. पंधरा वर्षांनी खासगी गाडी आरटीओत नेऊन पुन्हा पास करून घ्यावी लागते. गाडी नोंदणीच्या कागदांवर आहे तशीच असावी लागते. नसली आणि पास झाली नाही तर ती रस्त्यावर आणता येत नाही, आणि मग तिला भंगाराशिवाय दुसरी वाट उरत नाही. ते भंगार कुठे जातं हे हरेशना चांगलं ठाऊक होतं. दाबून चपट्या केलेल्या गाड्यांचे ट्रक रोज त्यांच्याच काट्यावरून जातात. त्यांच्या मॉडेलच्या कितीतरी गाड्यांची पावती त्यांनी स्वतः फाडली होती. आपल्या गाडीची फाडायची नव्हती. ते रहीमकडे गेले.

"फिकीर नको, हरेशभाई," रहीम म्हणाले. "सगळे हेच करतात. पासिंगपुरती कंपनी फिटिंग, पास झाली की परत आपलं. जुने पार्ट आणा, आठवड्यात करून देतो."

"जुने पार्ट नायत."

"नाहीत कसे? माळ्यावर बघा."

"माळ्यावर ठेवलेच नवते. वाटून टाकले."

रहीम टायरवर बसले. "वाटले? प्रसाद होता का तो?"

या छंदातली शहाणी माणसं काढलेला प्रत्येक नटसुद्धा गोणपाटात बांधून माळ्यावर टाकतात, कारण पासिंगचा दिवस कधीतरी येणार हे त्यांना माहीत असतं. हरेशनी तसं केलं नाही. कंपनीची ही रद्दी मी पुन्हा हातात धरणार नाही, असं त्यांनी एका हळदीत माइकवरून जाहीर केलं होतं, आणि पार्ट मागेल त्याला दिले होते. आता ते मॉडेल बंद होऊन काळ लोटला होता. भंगारवाल्यांकडे विचारलं तर ते म्हणाले, त्या गाड्यांच्या कधीच सळया झाल्या.

"बरं, स्प्रिंगा कोणाला दिल्या?" रहीमनी विचारलं.

"तुला. तूच मागून नेल्यास. तुज्या गाडीत हायत."

रहीमनी अंगणातल्या आपल्या गाडीकडे बघितलं. तीही त्याच मॉडेलची. "अच्छा," ते म्हणाले. "तरीच एवढी मऊ चालते." दुसऱ्या दिवसापासून रहीमची गाडी विटांवर उभी राहिली.

चाकं आणि सायलेन्सर काळूरामकाकांकडे होते. काकांचा मांडव-डेकोरेशनचा धंदा आहे. चाकं स्पीकर ओढायच्या ट्रॉलीला लागली होती आणि सायलेन्सर जनरेटरला. त्यांचा जनरेटर पंचक्रोशीत सर्वांत कमी आवाजाचा म्हणून नावाजलेला होता.

"मना त्या सायलेन्सरावर ऑर्डरी भेटतान," काका म्हणाले. "तो काढलास तं भटजीचं मंतर कोन आयकंल?"

"काका, गाडी भंगारात जाईल."

"मंग जनरेटरला तुजा तो पायप लाव."

तसंच ठरलं. काकूंनी, म्हणजे रमाबाईंनी, बॉनेट दिलं, पण ते कोंबड्यांच्या खुराड्याचं छप्पर होतं, म्हणून त्या बदल्यात पत्रा मागितला. हरेशनी लोखंड बाजारातून नवा कोरा पत्रा आणला. कोंबड्यांची बढती झाली. जुनं बॉनेट दिपिकांनी अर्धी दुपार घासलं. "इतकी वर्षं या गाडीतून उतरून कंटाळले," त्या म्हणाल्या, "आता हिची कोंबड्यांची घाण काढतेय. लग्नाआधी सांगायला हवं होतंत."

"लग्नाआधी गाडी नवती."

"म्हणूनच केलं."

राहिली मागची सीट. ती गुणाबाईंच्या ओटीवर होती. खाली चार विटा, वर विणलेलं कव्हर. तिच्यावर बसून त्या संध्याकाळच्या मालिका बघत, आणि बाकीच्यांना प्लास्टिकच्या खुर्च्या देत.

"आये, सीट लागंल."

"नाय."

"दोनच दिस. गाडी पास झाली की आणून टाकतो."

"तुजा बापूस पन दोन दिसांनी आणतो सांगून माजी कोयती घेऊन गेलता. अजून येते."

"आये, गाडी जाईल."

"जाऊ दे. मी कंदी बसली तिच्यात?"

तोडगा गुणाबाईंनीच काढला. "सीट जाईल तं मी पन येईन. बसूनच येईन. मना दिसल कुटं नेतोस ती."

अशा रीतीने पासिंगच्या दिवशी गाडीत पुढे हरेश आणि रहीमच्या पान्यांची पिशवी होती, मागे आपल्या सीटवर गुणाबाई, आणि गाडीच्या मागून स्कूटरवर रहीम. स्टिकर निघून गाडी पुन्हा पांढरी झाली होती. ती इतकी साधी दिसत होती की आरटीओच्या मैदानात रांगेत लावल्यावर चहा पिऊन आलेल्या हरेशना ती पटकन सापडली नाही.

तपासायला एक तरुण निरीक्षक बाई होत्या. त्यांनी चेसिसचा नंबर बघितला, रंग बघितला, दिवे लावून घेतले. बॉनेट उघडल्यावर बिजागरीजवळ कोंबडीचं एक पीस अडकलेलं मिळालं. ते त्यांनी दोन बोटांत धरून बघितलं आणि सोडून दिलं. मग मागचं दार उघडलं.

"आजी, जरा उतरता का? सीट बघायची आहे."

"नाय," गुणाबाई म्हणाल्या. "मी कंपनी फिटिंग हाय."

निरीक्षक बाईंनी कागद तोंडासमोर धरले. ते खाली घेतले तेव्हा चेहरा पुन्हा सरकारी झाला होता. "ठीक आहे. हॉर्न द्या."

हरेशनी हॉर्न दिला.

मैदानाच्या पार टोकाचा एक रिक्षावाला सवयीने डावीकडे सरकला. दोन कुत्री उठून गेली. हा हॉर्न एका ट्रेलरवाल्याने दिवाळीची भेट म्हणून दिला होता. तो बसवून इतकी वर्षं झाली होती की तो आपल्या गाडीचा जन्मजात आवाज आहे, अशी हरेशची प्रामाणिक समजूत झाली होती. बाई का थांबल्या हेही त्यांना कळलं नाही.

"हे काय आहे?" बाईंनी विचारलं.

"हॉर्न," हरेश म्हणाले.

"कुठल्या जहाजाचा?"

मागे रहीमनी कपाळावर हात मारला. "तौबा! सगळं काढलं आणि हा ठेवला."

"बदलून आणा," बाई म्हणाल्या. "मी जेवणानंतर आहे. त्यानंतर आज होणार नाही, आणि तुमची मुदत आज संपते."

पनवेलला जाऊन येण्याइतका वेळ नव्हता. रहीमनी मैदानाबाहेर सावलीत स्कूटर आडवी केली आणि तिचाच हॉर्न सोडवला. हरेश वायर धरून बसले. गुणाबाई आत बसून दोघांना खिडकीतून सूचना देत होत्या, आणि त्यांतली एक बरोबर निघाली.

जेवणानंतर हरेशनी पुन्हा हॉर्न दिला. गाडीतून बारीक "पीं" आला. रांगेतल्या टेम्पोवाल्याने मान वळवून दुसरीकडे बघितलं, कुणाचं खासगी दुःख बघू नये तसं. निरीक्षक बाईंनी सही केली. गाडीला पाच वर्षं मिळाली. रहीम त्या दिवशी हायवेवरून पनवेलपर्यंत "ओ भाऊ, ओ भाऊ" ओरडत गेले.

ठरल्याप्रमाणे आता सगळं परत बसायला हवं होतं, आणि त्यासाठी लोक दुसऱ्याच दिवसापासून येऊ लागले. काळूरामकाका आधी आले. हरेशचा पाइप लावलेला जनरेटर एका साखरपुड्यात चालवला होता आणि मुलीच्या मामाने तो स्वतः जाऊन बंद केला होता. "तुजी गाडी तशीच शोभायची रं," काका म्हणाले. त्यांनी हे पूर्वी कधी म्हटलं नव्हतं. रहीमना स्प्रिंगा हव्या होत्या. त्यांच्या मते आताच्या रूपात गाडीला अजिबात इज्जत नव्हती. इतकी वर्षं या छंदाला हसलेलं अख्खं गणगोत हरेशना तो सोडू नको म्हणून गळ घालत होतं.

विरोधात एकट्या गुणाबाई होत्या. त्यांनी कसला वाद घातला नाही. रविवारी सकाळी जेवणाचा डबा घेऊन त्या अंगणातल्या गाडीत आपल्या सीटवर जाऊन बसल्या. "मना बयनीकडं उरणला ने," त्या म्हणाल्या. पुढच्या रविवारीही बसल्या. गाडी रहीमकडे न्यायची तर रविवारच, कारण बाकी दिवस काटा चालू असतो. हरेशनी एकदा "आये, आज गॅरेजला जायचं हाय," असं सांगून बघितलं. "जाऊ कना," त्या म्हणाल्या, "उरणवरून येताना." येताना गॅरेज बंद झालेलं असे.

परवाच्या रविवारी उरण रस्त्यावर कंटेनरांच्या रांगेत ते थांबले होते. शेजारी एक पिवळी गाडी येऊन थांबली. रस्त्याला पोट टेकेल इतकी खाली, काचा काळ्या, पाइप मनगटाएवढा. आत तिशीचा एक माणूस होता. त्याने पांढऱ्या गाडीकडे बघितलं, मागच्या म्हातारीकडे बघितलं, आणि उगाच दोनदा गाडी गुरगुरवली.

हरेशनी काच खाली केली. कारागिराच्या नजरेने चाकं बघितली, स्प्रिंगांचा अंदाज घेतला.

"कितवं साल?" त्यांनी विचारलं.

"तेराचं. का, काका?"

"जुने पार्ट कुठं हायत?"

माणूस हसला. "दिले कुणाकुणाला. रद्दी ती. कोण सांभाळणार?"

"कुणाला दिले ते आठवतं का?"

तो आठवू लागला. रांग पुढे सरकली, मागच्या कंटेनरने हॉर्न दिला, तरी तो बोटांवर मोजत आठवतच होता. हरेशनी काच वर केली.

"कोन रं तो?" गुणाबाईंनी विचारलं.

"दोन वर्षांनी कळंल त्याला," हरेश म्हणाले, आणि गाडी उरणकडे घेतली.