बांधावरचे पाहुणे

आष्टीच्या शिवारात द्वारकाबाईच्या तोंडाला कुणी लागत नसे. निजामाच्या राज्यातली, पोलीस ॲक्शनच्या बरीच आधीची गोष्ट. नवरा गेल्यावर जमिनीचा तुकडा हिनं एकटीनं कसला. दसरा झाला की ज्वारी राखायला मचाणावर चढायची, आणि गोफणीआधी तोंड सुटायचं. पण काय सांगू, बाई मनानं लोणी!

बांधापलीकडं पेरूची बाग. चांदपाशानं ती मालकाला रक्कम मोजून हंगामापुरती गुत्त्यानं घेतली होती. पेरू हातचे गेले की त्याचं वर्ष गेलं. राघू दोघांचे सामाईक वैरी. बाईनं गोफण भिरकावली की अख्खा थवा कलकलत पेरूंवर. चांदपाशानं डबा बडवला की परत कणसांवर.

“पाशाभाई, पाहुणे आले वो! पेरू वाढा!”

“आमच्या इथलं जेवण झालं त्यांचं, बाई. आता तुमच्याकडं येऊन राह्यलेत!”

दिवसभर हेच. लोक म्हणायचे, भांडतात. भांडतात कसले, डोंबल! त्या हाळ्यांवरच दोघांचा दिवस सरायचा.

एका सकाळी बाईनं थवा उठवला, नेहमीसारखी हाळी दिली. पलीकडून डबा वाजलाच नाही. राघू पेरूंवर निवांत बसले. तेवढ्यात चांदपाशाची बायको गौहर बांधावर आली, रडून डोळे सुजलेले.

“हिवतापानं फणफणलेत, बाई. बिलकुल शुद्ध न्हाई. त्यांना टाकून मी इथं कशी थांबू?”

ती गेली. बाई मचाणावर बसून राहिली. ज्वारी आता सुखरूप होती. नुसतं गप बसलं की झालं. पण अर्धे कुरतडलेले पेरू टपाटप पडत होते, आणि एकेक पडताना तिच्या काळजात चर्र व्हायचं.

“मेल्यांनो, थांबा!” म्हणत ती उतरली, कुंपणातून आत शिरली आणि चांदपाशाचा डबा बडवायला लागली. थवा उठला तो थेट तिच्याच कणसांवर. बाईला रडू कोसळलं. तरी हात थांबला नाही, त्या दिवशीही नाही आणि पुढंही नाही.

ताप उतरल्यावर चांदपाशा काठी टेकत आला. बाग पेरूंनी लगडलेली होती. बांधापलीकडची बरीचशी कणसं मात्र रिकामी झाली होती.

“बाई, सगळे पाहुणे तुमच्याकडंच उतरवले?”

“मंग? आजारी माणसाच्या दारात पाहुणे धाडतेत का कुठं?” बाई फिसकारली. “घ्या तुमचा डबा. हात दुखून राह्यला माझा.”