पायांवरची आंघोळ

सायटिकाची कळ उठली की लोक देवाचं नाव घेतात. मी देवाशी भांडायची. कमरेत सुरू होऊन डाव्या खुब्यातून, मांडीच्या मागून ती थेट पायाच्या अंगठ्यापर्यंत जायची आणि जाता जाता नडगीची बाहेरची बाजू बधिर करून ठेवायची. मणक्यांमधली गादी सरकली आहे, नस दबते आहे, ऑपरेशनची वेळ आलेली नाही पण दुखणं सोबतीला राहील, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. सोबतीला! जशी काही माझी नणंदच राहायला येणार होती. वर्षं लोटली, ही काही जायचं नाव घेईना. आणि हैदराबादेत, आमच्या बरकतपुऱ्यात सल्ल्यांना तोटा नाही. खालच्या मजल्यावरच्या बेगमसाहेबा तेल पाठवायच्या, समोरच्या वकिलीणबाई काढा सांगायच्या, आणि सगळ्यांचं शेवटचं वाक्य एकच, आराम करो, परेशान मत हो. आराम करून करूनच मी परेशान झाले होते, हे कुणाला सांगणार?

तशात माझ्या लेकीला दिवस गेले. ती शहराच्या दुसऱ्या टोकाला, कुकटपल्लीला असते, जावई तेलुगू आहेत, दोघंही नोकरीवाले. आमचे हे गेल्यापासून घरात मी एकटीच, त्यामुळे ती बातमी ऐकून मला इतका आनंद झाला की काय सांगू. पहिलं बाळंतपण माहेरी, हे ठरलेलंच होतं. त्याच दिवशी मी मनाशी आणखी एक गोष्ट पक्की केली. बाळाला मी माझ्या पायांवर घेऊन न्हाऊ घालणार. माझ्या आईने माझ्या लेकीला असंच न्हाऊ घातलं होतं. पाटावर बसायचं, पाय लांब सोडायचे, नडग्यांवर बाळाला निजवायचं, तेल लावून रगडायचं आणि वरून ऊन ऊन पाणी. आमच्याकडे बाळाची आंघोळ म्हणतात ती हीच. आणि पाय लांब करून जमिनीवर बसणं, नेमकं तेच डॉक्टरांनी मला मना केलेलं. लेक म्हणाली, "आई, आपण टब आणू. आता सगळे टबच वापरतात." जावईही त्यांच्या हैदराबादी हिंदीत म्हणाले, "अम्मा, काइकू तकलीफ? मैं टब लातूं ना." मी म्हटलं, टबात कपडे भिजवतात, माणसाचं पोर नाही.

मग मी हट्टाला पेटले. तांदळाची पिशवी जुन्या लुगड्यात गुंडाळायची, पाटावर बसायचं, पाय सोडायचे आणि ती पिशवी बाळासारखी पायांवर घ्यायची. थोडा वेळ बरं वाटायचं, मग अशी कळ यायची की पिशवी तिथेच टाकून मी आडवी. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाट मांडायचाच. आमच्या देवघरात लक्ष्मीनरसिंह आहे, मांडीवर लक्ष्मीला घेऊन बसलेला. त्याला मी टोमणे मारायची. तुला बरं जमतं रे बाबा, युगानुयुगं मांडीवर घेऊन बसायला! माझ्या पायांत जरा बळ घाल की. काही मोठं मागत नाही. पण पाय होता तसाच राहिला. कधी कधी देवापुढे बसून रडूही यायचं, खोटं कशाला बोलू. इतक्या वर्षांच्या पूजेनंतर एवढंसं मागणं त्याला जड का व्हावं, हे मला कळत नव्हतं. आपलं कुणी ऐकतच नाही की काय, असंही मनात येऊन जायचं.

लेकीला सातवा महिना लागला तेव्हा एका शनिवारी मी शहराबाहेरच्या नरसिंहाच्या देवळात गेले. लेक फोनवर नको नको म्हणत होती, मी ऑटोत बसलेसुद्धा होते. म्हटलं, घरातल्याला ऐकू येत नसेल तर मोठ्या देवळातल्याला जाऊन सांगू. तिथे त्या दिवशी बायका पोर्लु दंडालु घालत होत्या. नवस बोललेली बाई ओल्या वस्त्रांनी देवळाभोवती जमिनीवर लोळत प्रदक्षिणा घालते आणि सोबतच्या बायका तिला हातांनी वळवत पुढे नेतात, तो हा प्रकार. मी आपली कडेकडेने चालत होते. गाभाऱ्याच्या मागे आले आणि पायच गेला. भिंत धरता धरता खाली बसले, बसवेना म्हणून कुशीवर पडले. फरशी नुकतीच धुतलेली, माझं पातळ पार भिजलं. उठता येईना, वळता येईना, श्वास घेतला तरी कळ. एवढ्या गर्दीत मी अशी पडलेली, मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात दोन बायका लगबगीने आल्या. एक माझ्याएवढी, दुसरी तरणीताठी. काही विचारणं नाही, सांगणं नाही. एकीने माझा पदर कमरेला घट्ट खोचला, दुसरीने निऱ्या पायांशी आवळून धरल्या आणि दोघींनी माझ्या खांद्याखाली नि कमरेखाली हात घातले. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. भिजलेलं पातळ, जमिनीवर पडलेली बाई. मी नवस फेडते आहे अशी त्यांची समजूत झाली होती! माझं तेलुगू भाजीबाजारापुरतं. मी नुसती ओरडले, "नको, नको!" आता हा शब्द हैदराबादेत लहान पोरालाही कळतो, इथल्या उर्दूत तो नक्को होऊन बसला आहे. त्या दोघींनाही कळला. पण थोरली मलाच दटावून म्हणाली, "नक्को अनकूडदम्मा, मोक्कु कदा!" नको म्हणू नये बाई, नवस आहे ना! अगं बाई, कसला नवस नि कसलं काय! पण त्यांना समजवायला माझ्याकडे शब्द नव्हते आणि त्यांचे हात सोडवायला अंगात ताकद नव्हती. गोविंदा गोविंदा म्हणत त्यांनी मला अलगद वळवलं, आणि मी पालथी झाले.

त्यानंतर जे झालं ते झालं तसं सांगते, त्याचा अर्थ कुणी काय लावायचा तो लावावा. कपाळ ओल्या फरशीला टेकलं होतं, हात दोन्ही बाजूंना पडले होते. आता जीव जातो की काय, असं वाटलं. पण अंगठ्यातली कळ हळूहळू वर सरकू लागली. अंगठा मोकळा झाला, मग पोटरी, मग मांडी. सगळं दुखणं कमरेत जाऊन गोळा झालं आणि तिथेच निवांत बसलं. त्या पुन्हा वळवणार तोच मी म्हणाले, "आगंडि," म्हणजे थांबा. तेवढं तेलुगू मला ऑटोवाल्यांमुळे येतं. त्या थांबल्या. थोरलीने माझ्या कमरेवर तळवा ठेवला आणि तसाच राहू दिला. मी ढसाढसा रडले. त्यांना ती भक्ती वाटली असेल, आणि कदाचित होतीही. आजवर मी देवापुढे बसून मागत आले होते, असं सगळं अंग टाकून त्याच्यापुढे कधी पडले नव्हते. त्यांनीच नंतर मला उठवलं, ऑटोपर्यंत हाताला धरून आणलं आणि आपल्या वाटेने निघून गेल्या. त्या कोण, कुठल्या, हे मला आजही माहीत नाही.

फिजिओथेरपीच्या बाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्या आधी पोट धरून हसल्या. मग त्यांनी मला तपासलं आणि म्हणाल्या, पालथं झोपणं प्रत्येकाच्या कमरेला मानवत नाही, तुमच्या कमरेला मानवतंय असं दिसतं. त्यांनी त्यावरच व्यायाम बांधून दिले. रोज सकाळी देवघरासमोर चटई टाकायची, पालथं पडायचं, कोपरांवर छाती उचलायची. एकही दिवस मी चुकवला नाही. कळ गेली नाही, पण अंतर ठेवून वागायला लागली. मी जिना चढू लागले, स्वयंपाक उभ्याने होऊ लागला, डिंकाचे लाडू माझ्या हातचे झाले. पाय लांब करून बसणं मात्र त्या बाईंनीही मना केलं होतं. मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, तेवढं सोडून काहीही सांगा.

नात झाली. काळी कुळकुळीत जावळं आणि आवाज असा की खाली बेगमसाहेबांना कळलं. नाळ पडल्यावर आंघोळीचा दिवस ठरला, तेव्हा कुकटपल्लीहून विहीणबाई आल्या. मान माहेरच्या आजीचा, म्हणून त्या बिचाऱ्या न्हाणीघराच्या दारातच उभ्या होत्या. मी पाटावर बसले. पाय सोडले. कळ आली, मी दात घट्ट आवळून ती गिळली. लेकीने बाळ माझ्या हातात दिलं. बाळावर ओतायच्या आधी पाणी आपल्या नडग्यांवर घेऊन पाहायचं असतं. मी घेतलं. उजव्या पायाला ते ऊन लागलं. डाव्याला काहीच लागलं नाही. पुन्हा घेतलं. नाहीच. ज्या पायावर तिचा कोवळा जीव ठेवायचा, त्या पायाला पाणी पोळतंय की कोमट आहे हेच कळत नव्हतं. इतके महिने जे मागितलं ते हाताशी आलेलं होतं, बाळ माझ्या छातीशी होतं, आणि माझे डोळे भरून आले. मला राग आला, खूप राग आला. मग त्या इवल्याशा पाठीकडे पाहिलं आणि राग कुठल्या कुठे गेला.

मी दाराकडे पाहून म्हटलं, "विहीणबाई, या. तुम्ही घ्या हिला." त्यांना मराठी कळत नाही, पण माझे पुढे केलेले हात त्यांना कळले. "इटु इव्वंडि, वदिनगारू," इकडे द्या वहिनी, म्हणत त्यांनी साडी गुडघ्यापर्यंत वर घेतली आणि लेकीने मला उठवल्यावर त्या पाटावर बसल्या. त्यांचेही पाय आमच्यासारखेच पसरले, त्यांच्याकडेही अशीच आंघोळ असते, आणि मी हे इतक्या महिन्यांत एकदाही विचारलं नव्हतं. पाणी आधी त्यांच्या नडग्यांवर घातलं, त्यांनी ठीक आहे अशी मान हलवून बाळाला पायांवर निजवलं, तेव्हा मी स्टुलावर बसून धार धरली. पोर आधी किंचाळली, मग ऊन पाणी पाठीवरून वाहू लागलं तशी गप्प झाली आणि डोळे मिटून पडून राहिली. विहीणबाई हसून म्हणाल्या, "इंका पोय्यंडि," अजून घाला. मी घालत राहिले. माझा डावा पाय ठणकत होता, हात मात्र अगदी स्थिर होता. मनात म्हटलं, नरसिंहा, लेकरू तुझं आहे. कुणाच्या पायांवर न्हायचं ते तू ठरव, मी पाणी घालते.