एकाचा नऊ

त्या छोट्या खाजगी कॉलेजात मुलं जेमतेम चारशे, शिकवणारे बावीस आणि प्रवेशाची खिडकी एकच. खिडकीमागे गेली सव्वीस वर्षं एकच बाई बसत आल्या होत्या, म्हणून त्यांना सगळे खिडकीताई म्हणत. अगदी प्राचार्यसुद्धा.

ताई तिथं टायपिस्ट म्हणून लागल्या तेव्हा पंचविशीच्या होत्या. त्याच्या सहा वर्षं आधी त्यांचं स्वतःचं शिक्षण याच कॉलेजात, दुसऱ्या वर्षाला थांबलं होतं. वडील बसवर कंडक्टर, पाठीमागे तीन भावंडं. फी भरायची तारीख निघून गेली आणि नाव पटावरून उडालं, एवढंच. नोकरीच्या पहिल्याच वर्षी जुनी दफ्तरं लावताना त्यांच्या हाती त्या सालची फाइल लागली. फीमाफीच्या सहा जागा होत्या. पाच भरल्या होत्या. सहाव्यासमोर लिहिलं होतं, ‘अर्ज आला नाही.’

फीमाफी असते हेच त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्या दुपारी ताईंनी डबा उघडला नाही.

तेव्हापासून त्यांनी स्वतःला एक सवय लावून घेतली. खिडकीशी आलेल्या माणसाला वर्षाच्या फीचा आकडा सांगितला, की त्याचा चेहरा उतरायच्या आत दुसरा कागद पुढे सरकवायचा. ‘हा मदतीचा अर्ज. घरी नेऊन वाचा, अडलं तर परत या.’ कुणी संकोचानं तो कागद परत ढकलला, तर ताई ऐकून न ऐकल्यासारखं करून तो त्याच्या पिशवीत कोंबत. या कोंबाकोंबीतून किती जण शिकून बाहेर पडले याचा हिशेब त्यांनी ठेवला नाही, पण रस्त्यात कुणी वाकून नमस्कार केला की घरी नवऱ्याला मात्र आवर्जून सांगत.

अलीकडे दोन वर्षं ताई एक गोष्ट सगळ्यांपासून लपवत होत्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. डॉक्टर म्हणाले होते, ऑपरेशन करून घ्या. पण ऑफिसात माणसं कमी करायची, सगळे अर्ज कॉम्प्युटरवरच घ्यायचे अशी बोलणी सुरू होती. अशा वेळी महिनाभर सुट्टी मागायची म्हणजे आपणहून दार उघडून द्यायचं. नवरा म्हणायचा, “अगं, डोळे आधी का खिडकी आधी?” ताई म्हणायच्या, “एवढे प्रवेश उरकू देत.” प्रवेश उरकायचे, परीक्षांचे अर्ज यायचे. टेबलाच्या खणात एक भिंग आलं होतं. कुणी नसेल तेव्हा त्या ते बाहेर काढायच्या.

त्या शुक्रवारी फीमाफीचा शेवटचा दिवस होता. महिन्यापूर्वी यादी ठरून पत्रं गेली होती आणि निवडलेल्या प्रत्येकानं पालकाला घेऊन संध्याकाळी पाचच्या आत सही करायची होती. लॅब टेक्निशियनच्या कोर्सला एकच जागा होती आणि ती एका वेल्डरच्या मुलीला मिळाली होती. पण ती फिरकली नव्हती. ताईंनी पत्र पाठवलं होतं, दोनदा मेसेज केले होते. उत्तर नाही. गेली असेल दुसरीकडे, असं धरून चालल्या होत्या.

प्रतीक्षा यादीत पहिलं नाव होतं दवाखान्यातल्या मावशींचं. वय अवघं चौतीस, पण वॉर्डात काम करणाऱ्या बाईला सगळे मावशीच म्हणतात. अकरा वर्षं दुसऱ्यांनी तपासायचे नमुने त्या ट्रेमधून लॅबपर्यंत पोचवत होत्या. आता ते आपण तपासायचे असं त्यांनी मनाशी घेतलं होतं. रात्रपाळी संपवून त्या सरळ कॉलेजात आल्या होत्या आणि नऊपासून खिडकीसमोरच्या बाकावर बसल्या होत्या. शेजारी म्हातारे वडील, पालक म्हणून सही करायला आणलेले. दहाच्या सुमारास ताईंना राहवलं नाही. त्या खिडकीतून म्हणाल्या, “बसा मावशी. बहुतेक होईल तुमचं काम.”

मावशींनी डोळे मिटले आणि डोकं भिंतीला टेकवलं.

पाऊण वाजता शिपायानं टपाल आणून टाकलं. गठ्ठ्यात वरच एक ओळखीचा लिफाफा होता. कॉलेजचाच. वेल्डरच्या मुलीला पाठवलेला. त्यावर शिक्का होता, ‘या क्रमांकाचं घर नाही.’

ताईंनी फाइल काढली, खणातलं भिंग काढलं आणि मूळ अर्जावर धरलं. घर क्रमांक चौदा. फोनचे शेवटचे आकडे एक, एक, पाच. मग लिफाफ्यावर आपण काय लिहिलं होतं ते पाहिलं. चौऱ्याण्णव. कॉम्प्युटरवर फोन नंबर पाहिला. नऊ, नऊ, पाच.

वेल्डरचं अक्षर स्वच्छ होतं. त्याला दोष द्यायला काडीइतकी जागा नव्हती.

महिनाभर ती पोरगी पत्राची वाट बघत असणार आणि आपण, कुणी सांगितलं नाही म्हणून शिक्षण सुटलेल्या आपण, इथं बसून ‘गेली असेल दुसरीकडे’ म्हणत होतो. ताईंनी बरोबर नंबर फिरवला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा फिरवला. तेच.

समोर बाकावर मावशींना झोप लागली होती. लिफाफा खणात गेला असता तर कुणाला कळणार नव्हतं. पाच वाजले असते, एका लायक बाईला जागा मिळाली असती, तिनं ताईंचे हात धरले असते. अन्यायही धड दिसला नसता. ही गोष्ट ताईंच्या मनात आली, आणि नुसती येऊन गेली नाही. चांगली पाच मिनिटं बसली. नंतर ताईंनी ते कुणापासून लपवलं नाही.

मग त्या उठल्या. शिपायाला म्हणाल्या, “खिडकी बघ जरा. घरून फोन आलाय.” हे खोटं होतं. रजिस्ट्रारसाहेबांना खरं सांगायची हिंमत अजून गोळा झाली नव्हती.

बसनं चाळीस मिनिटं लागली. चौदा नंबरच्या घराला कुलूप होतं. शेजारणीनं बोटानं गल्लीच्या टोकाची शेड दाखवली. तिथं ठिणग्या उडत होत्या. तोंडावर काळा मुखवटा धरून एक माणूस लोखंडी जिना जोडत होता आणि त्याचा फोन आवाजात हरवून खुंटीवरच्या शर्टाच्या खिशात पडला होता. ताईंनी तीन हाका मारल्या तेव्हा त्यानं मुखवटा वर केला.

“कॉलेजातून आलेय,” ताई म्हणाल्या. “तुमच्या मुलीची निवड झालीय. फी माफ. पाचच्या आत सही करायचीय, तुमची आणि तिची.”

वेल्डरनं यंत्र बंद केलं. मग म्हणाला, “पत्र नाही आलं. आम्ही समजायचं ते समजलो.”

“पत्र चुकीच्या पत्त्यावर गेलं. चूक माझी.”

“आणि आज आठवण झाली होय?” त्यानं हातमोजे काढून फेकले. “महिनाभर पोरगी दारात पोस्टमनची वाट बघत होती. रडून रडून डोळे सुजले. मीच तिला म्हटलं, आपल्यासारख्यांचं असंच असतं, सोड नाद. आता कुठं सावरलीय, सुपरमार्केटात कामाला लागलीय. आता तिला परत कशाला नाचवायचं?”

ताई म्हणाल्या, “मला काय बोलायचं ते बोला, पण बसमध्ये बसून बोला. दोन वाजून गेलेत.”

“फी माफ म्हणजे सगळं माफ?” वेल्डर जागचा हलला नाही. “का नंतर एकेक पावती बाहेर काढणार?”

इथं गोड बोलून चाललं असतं. पण ताईंनी या प्रश्नाला सव्वीस वर्षांत कधी गोलमाल उत्तर दिलं नव्हतं. “नाही. शिकवण्याची फी माफ. परीक्षेची फी तुमची, एप्रन तुमचा, पुस्तकं तुमची. लॅबची अनामत भरावी लागते, ती शेवटी परत मिळते. पुस्तकं लायब्ररीतून होतात, एप्रन जुना मिळतो, मी बघते. बाकी खर्चाचे महिन्याचे हप्ते करून घेता येतात, पण ते आधी सांगावं लागतं. आणि दर वर्षी पास व्हावं लागतं, नापास झाली तर माफी जाते.”

वेल्डरनं शर्ट अंगात घातला. “हे बरं केलंत,” एवढंच म्हणाला आणि शेडचं शटर ओढलं.

सुपरमार्केटात मुलगी डाळीच्या पिशव्यांवर लेबलं लावत होती. वडिलांनी सांगितलेलं ऐकून ती ताईंकडे वळली. रडली नाही, आनंदलीही नाही. “तुम्हीच त्या खिडकीतल्या ना?” तिनं विचारलं. “मी दोनदा फोन केला होता कॉलेजला. ‘निवड झाली असेल तर कळवलं जाईल’ म्हणाले.” मॅनेजर म्हणाला, पाळी अर्ध्यात सोडलीस तर उद्यापासून येऊ नकोस. मुलीनं लेबलांचं रीळ त्याच्यासमोर ठेवलं आणि चालू लागली. आता ती जागा हुकली तर ही नोकरीही गेली.

परतीची बस पुलाच्या तोंडाशी अडकली. रस्ता खणून ठेवला होता. चार वाजून पाच मिनिटं, चार वीस, चार तीस. ताईंनी शिपायाला फोन लावला. तो दबक्या आवाजात म्हणाला, “ताई, कुठं आहात? साहेबांनी मावशींना आत बोलावलंय. कागद आधीच भरून ठेवताहेत.”

“साहेबांना म्हणावं, पाच वाजायचेत अजून.”

“मी म्हणू? ताई, मी शिपाई आहे!”

तिघं बसमधून उतरून चालत सुटली. ताईंना धड पळता येत नव्हतं. समोरच्या फुटपाथची कड त्यांना नीट दिसत नव्हती. एकदा ठेच लागून कोलमडल्या तेव्हा मुलीनं त्यांचा दंड धरला, तो सोडला नाही. राग तिच्या चेहऱ्यावर तसाच होता, पण हात घट्ट होता.

रजिस्ट्रारसाहेबांच्या खोलीत त्या शिरल्या तेव्हा पाचला नऊ मिनिटं कमी होती. मावशी टेबलाशी बसल्या होत्या, हातात पेन. वडिलांची सही आधीच झाली होती.

“घरी काय झालं हो?” साहेबांनी काळजीनं विचारलं.

“घरी काही झालेलं नाही,” ताई म्हणाल्या. धाप लागली होती, तरी थांबल्या नाहीत, कारण थांबल्या असत्या तर बोलणं झालं नसतं. “ही वेल्डरची मुलगी, हे तिचे वडील. यांना आपलं पत्र मिळालंच नाही. मी पत्ता चुकीचा लिहिला. एकाचा नऊ केला. फोन नंबरमध्येही तेच. मला दिसत नाही, साहेब. दोन वर्षं नीट दिसत नाहीये. मी सांगितलं नाही.”

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं, मग मावशींकडे. नियम सरळ होता: पाचपर्यंत जागा मुलीची.

मावशींनी पेन टेबलावर ठेवलं. आपटलं नाही, ठेवलं. मग ताईंकडे वळून म्हणाल्या, “सकाळी तुम्ही मला म्हणालात, बहुतेक होईल. मी मागितलं होतं का तुमच्याकडे ते?”

“नाही,” ताई म्हणाल्या.

“मग कशाला दिलंत?”

त्यांनी वडिलांना हात देऊन उठवलं. दारातून जाताना त्या मुलीपाशी क्षणभर थांबल्या, काहीतरी बोलणार असं वाटलं, पण नुसतंच “सही कर, वेळ होतेय” म्हणाल्या आणि गेल्या.

मुलीनं पाचला चार मिनिटं असताना सही केली.

सोमवारी ताईंना मेमो मिळाला. न सांगता खिडकी सोडली, खोटं कारण दिलं, आजार लपवला. तिन्ही खरं होतं. हेडक्लार्कची जागा त्यांना मिळणार होती, ती त्यांच्या हाताखाली शिकलेल्या मुलाला मिळाली. ताईंना रेकॉर्डरूममध्ये बसवलं. पण साहेबांनी सुट्टीचा अर्ज स्वतः पुढे ठेवला आणि म्हणाले, “आधी हे करा. एवढ्या एका गोष्टीसाठी तुम्हाला आमची भीती वाटावी, याचंही मला वाईट वाटतंय.” दोन महिन्यांत दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली. पट्टी निघाल्यावर नवऱ्याला निरखून म्हणाल्या, “अहो, किती म्हातारे झालात तुम्ही!” तो म्हणाला, “दोन वर्षं झाली. तुला कळवणार तरी कसं?”

मुलगी शिकली. पहिल्या वर्षी रक्ताच्या एका विषयात काठावर पास झाली, तेव्हा वेल्डर निकालाच्या दिवशी फाटकाबाहेर तासभर उभा होता. आत यायला त्याचा धीर होत नव्हता. आज ती एका रक्तपेढीत आहे. ताईंशी ती नेहमी नीट वागली, पण लळा लावून घेतला नाही. ताईंनी तशी अपेक्षाही धरली नाही.

मावशींचं मात्र ताईंच्या मनातून जाईना. पुढच्या वर्षी अर्ज निघाले त्या पहिल्याच दिवशी ताई अर्ज घेऊन दवाखान्यात गेल्या. मावशी चादरी बदलत होत्या.

“यंदा या कोर्सला दोन जागा आहेत,” ताई म्हणाल्या. “होईल की नाही ते मला माहीत नाही.”

“तिथं ठेवा,” मावशी म्हणाल्या. ताईंनी अर्ज कपाटावर ठेवला. भरायला मदत करू का, हे ओठावर आलेलं त्यांनी गिळलं.

मावशींनी अर्ज एकटीनं भरला आणि खिडकीत बसणाऱ्या नव्या मुलाकडे दिला. त्यांचं नाव यादीत दुसरं लागलं. पहिलं सहामाही सत्र सगळं गेलं तरी त्या रेकॉर्डरूमकडे फिरकल्या नाहीत. मग एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत दारात उभ्या राहिल्या. परीक्षेची फी एकदम भरणं जमत नव्हतं, हप्ते होतात असं कुणीतरी सांगितलं होतं.

“होतात,” ताई म्हणाल्या. “पण आजच अर्ज द्यायला हवा. बसा.”

मावशींनी खुर्ची ओढून घेतली.