तर्रीत काय कमी होतं

त्या सकाळी मला वास आला नाही. सगळा दोष इथून सुरू होतो, म्हणून कबुलीही इथूनच द्यायला हवी. समोर काउंटरवर तर्रीचं पातेलं वाफाळत होतं. चण्याच्या त्या रश्श्यावर लाल तवंग मंदपणे हेलकावत होता, आणि शेजारी उभ्या असलेल्यांच्या नाकपुड्या फुलताना मला स्पष्ट दिसत होत्या. सुगंध त्यांच्यापर्यंत पोहोचला होता. माझ्या दाराशी येऊन मात्र तो परत गेला, कारण दार बंद होतं! आठवडाभराच्या सर्दीनं नाक चोंदलेलं, आणि घशासाठी सतत चघळत असलेल्या गोळीनं जीभही बधिर झालेली. चमचाभर तर्री तोंडात गेली आणि कोमट पाणी गेल्यासारखी पोटात उतरली. अशा वेळी सरळ माणूस काय म्हणतो? "मला आज चव कळत नाही," असं म्हणतो आणि बाजूला होतो. मी डोळे मिटले, मान किंचित कलती केली आणि म्हणालो, "चांगली आहे. पण जुनी मजा नाही."

मला चाखायला का बोलावलं होतं, हे आधी सांगायला हवं. आमच्या फुटबॉलच्या मैदानाचं नुकतंच स्टेडियम झालं. उन्हानं तापणाऱ्या सिमेंटच्या पायऱ्यांवर आता रंगीत खुर्च्या आल्या, डोक्यावर छत आलं, आणि कडुनिंबाखाली जिथे शकूवहिनींचा ठेला उभा असायचा तिथे तिकिटाच्या खिडक्या आल्या. शकूवहिनी म्हणजे माझ्या जुन्या मित्राची बायको. तो कोराडीकडची बस चालवतो. वहिनी मात्र आमच्या तरुणपणापासून या मैदानावर तर्री-पोहे विकत आल्या आहेत. मध्यंतराची शिट्टी झाली की अर्धं मैदान त्यांच्याकडे धावायचं, आणि उरलेलं अर्धं त्यांच्या नावानं हाका मारायचं. नव्या स्टेडियमात खाण्यापिण्याचे गाळे निघाले तेव्हा एक त्यांनाही मिळाला, पण कच्चा. पहिले काही सामने पाहायचे आणि मग ठरवायचं, असा करार. पलीकडच्या गाळ्यात मक्याच्या लाह्या फुटत होत्या, त्याच्या पलीकडे खोक्यातला संत्र्याचा रस मिळत होता. संत्र्यांच्या शहरात खोक्यातला रस! पण तो शोक पुन्हा केव्हातरी करीन.

गाळ्यांचा व्यवस्थापक हा गळ्यात ओळखपत्र अडकवलेला, अतिशय नम्र आणि अतिशय घाईत असलेला तरुण होता. उद्घाटनाच्या सामन्याआधी प्रत्येक पदार्थ कुणीतरी चाखावा, असं त्याच्या मनानं घेतलं. मी कित्येक वर्षं मैदानावर सामन्यांचं निवेदन करतो. माझा आवाज सगळ्यांच्या परिचयाचा आहे. भोंग्यावर चालते म्हणून माझ्या जिभेवर त्याचा विश्वास बसला. माणसाचा एक गुण दिसला की बाकीचे आपण त्याला उधार देऊन टाकतो, नाही का?

तर मी म्हणालो, जुनी मजा नाही. वहिनींचा चेहरा उतरला. त्या काही हळव्या बाई नव्हेत. ठेल्यावर भांडणाऱ्या दोन संघांच्या समर्थकांना त्यांनी एकाच बाकावर बसवून जेवू घातलंय. पण नव्या गाळ्यात ज्योत नव्हती, काचेसारखी गुळगुळीत विजेची शेगडी होती, धूर ओढून घेणारं धुराडं होतं, आणि कडुनिंबाचं एक पानही पडत नव्हतं. इथे आपली तर्री जमेल का, ही धास्ती त्यांच्या पोटात होतीच. माझं वाक्य नेमकं त्या धास्तीवर जाऊन बसलं.

"काहून जी भाऊजी? काय कमी हाये?"

आता काय कमी होतं ते मला कसं ठाऊक असणार! पण मत दिलं की त्याला हात-पाय द्यावे लागतात. मी गंभीरपणे म्हणालो, "मिरचीचा हात जरा वाढवा." आमच्या गावात हे केव्हाही चालून जातं. तर्री पुरेशी तिखट आहे असं कबूल करणारा पुरुष मी नागपुरात अजून पाहिलेला नाही. घामानं निथळत, डोळे लाल करून, नाक पुसत पुसत तो हेच सांगतो की काही विशेष नाही.

"बरं," वहिनी म्हणाल्या. "भिवापूरची पडलीच हाये माह्याकडे, माहेरची. उद्या पाहा मंग."

त्यांनी ते मनावर घेतलं. किती घेतलं, ते दुसऱ्या दिवशी मध्यंतरात सगळ्या स्टेडियमला कळलं.

आधी खाणारे सगळे एकाच वेळी थांबले होते. मग कुठूनतरी "अबे पानी ला बे!" अशी आर्त हाक आली आणि बांध फुटला. लोक खोक्यातल्या रसावर तुटून पडले. एक धिप्पाड गृहस्थ नळाखाली जीभ धरून उभे होते आणि मागची रांग त्यांना अतिशय वाईट शब्दांत घाई करत होती. "वहिनी, तर्री टाकली का बारूद टाकली वं?" कुणीतरी ओरडलं. मी निवेदकाच्या खोलीतून हे पाहत होतो, आणि माझ्या पाठीच्या कण्यातून जे सरकत गेलं त्याला थंडी म्हणता आलं नसतं, कारण रातोरात माझी सर्दी बरी झाली होती.

पण खरा अनर्थ पुढे होता. मध्यंतरात रेषेवरच्या पंचानंही एक प्लेट खाल्ली होती. उत्तरार्ध सुरू झाला तरी बिचाऱ्याचे डोळे वाहतच होते. आमच्या संघाचा गडी चेंडू घेऊन सुसाट निघाला, पंचाचे डोळे नेमके त्याच क्षणी भरून आले, आणि रुमाल नसल्यामुळे त्यानं हातातला झेंडा उचलून डोळ्यांना लावला. इकडे चेंडू जाळ्यात, तिकडे झेंडा वर! मुख्य पंचानं शिट्टी फुंकली. ऑफसाइड. गोल रद्द. आणि ते जाहीर कुणी करायचं? मी! माझ्याच मिरचीनं घालवलेला गोल मी माझ्याच आवाजात घालवला. आम्ही हरलो.

सामना संपल्यावर व्यवस्थापक गाळ्यापाशी आला. मीही तिथे होतो. "मावशी, असं कसं झालं?" त्यानं विचारलं. वहिनींनी एकदाच माझ्याकडे पाहिलं. गाळ्याच्या भिंतीवर आग विझवायचं लाल नळकांडं टांगलेलं होतं. त्यावरच्या सूचना मी इतक्या तन्मयतेनं वाचू लागलो की आजही मला त्या पाठ आहेत. "हात जड झाला माहा," वहिनी म्हणाल्या. मग ठरलं की तर्री बंद. पुढच्या सामन्याला फक्त पोहे आणि शेव, आणि गिऱ्हाईक आलं नाही तर गाळा मक्याच्या लाह्यांकडे.

मी बेसा भागातल्या माझ्या घरी आलो तो जेवलोच नाही. बायकोनं कारण विचारलं, तेव्हा सगळं सांगून टाकलं. तिनं शांतपणे पोळी तव्यावर उलटली. "पण तुमचं तर नाक बंद होतं. मग चाखलं काय तुम्ही?" एवढंच ती म्हणाली. न्यायाधीश असती तर एवढ्यावर मी फासावर गेलो असतो.

मित्रहो, त्या रात्री माझ्या ध्यानात आलं की 'जुनी मजा नाही' हे मी फक्त तर्रीविषयी म्हणत नव्हतो. नव्या खुर्च्यांविषयी, नव्या पोरांच्या खेळाविषयी, लग्नातल्या पंगतींविषयी, थंडीविषयीसुद्धा मी हेच म्हणत आलो होतो. त्यातल्या किती वेळा जगात काही उणं होतं, आणि किती वेळा माझंच नाक चोंदलेलं होतं? पन्नाशीत इंद्रियं मंदावतात. पण त्यांची तक्रार आपण किती ऐटीत जगाच्या नावावर चढवतो!

पुढच्या सामन्याला वहिनींच्या गाळ्यापुढे कुणी नव्हतं. पिवळ्या पोह्यांचा डोंगर तसाच, आणि त्या हाताची घडी घालून बसलेल्या. मध्यंतराला मी भोंगा हातात घेतला आणि गहिवरून कबुली दिली. गेल्या वेळी तर्री तिखट झाली ती माझ्यामुळे, मला सर्दी होती, मला चव कळत नव्हती तरी मी मत दिलं, पंचांच्या अश्रूंना मी जबाबदार आहे, असं सगळं. मला वाटलं होतं, स्टेडियम सुन्न होईल. स्टेडियम हसून हसून लोळलं. टाळ्या पडल्या. आणि पाहता पाहता वहिनींच्या गाळ्यापुढे ही रांग! पंचाला रडवणारी तर्री ती हीच का, हे ज्याला त्याला पाहायचं होतं. तर्री मात्र नव्हती. वहिनी एकेकाला नाही म्हणत पोहे वाढत होत्या. डोंगर संपला तरी रांग हटेना. व्यवस्थापक धावत आला. "मावशी, पुढच्या वेळी तर्री ठेवाच. पण दोन प्रकारची, सौम्य आणि तिखट."

"तर्री का शाळा हाये, पहिली-दुसरी कराले?" वहिनी कडाडल्या. "एकच राहीन. जशी ठेल्यावर होती तशी." आणि तो नम्र तरुण चक्क हो म्हणाला.

गाळा वाचला! मी पायऱ्या उतरत त्यांच्याकडे निघालो तेव्हा माझी चाल, खोटं कशाला बोलू, थोडी विजयी होती. लोकांसमोर स्वतःला इतकं उघडं करणारा माणूस कुठे पाहायला मिळतो! वहिनी फडक्यानं काउंटर पुसत होत्या. वर न पाहता म्हणाल्या, "साऱ्या गावाले सांगितलं जी भाऊजी तुमी. टाळ्या गिन पडल्या. मलेच तेवढं नाही सांगितलं." आणि त्यांनी शटर ओढून घेतलं.

त्या शटरचा आवाज माझ्या निवेदनापेक्षा किती तरी स्पष्ट होता. हजार कानांत ओतलेल्या त्या कबुलीत ज्या एका कानाचा हक्क होता, तो मी वगळला होता. गर्दीपुढे चूक मान्य करणं सोपं असतं, कारण गर्दीला आपण दुखावलेलं नसतं.

त्यानंतरच्या सामन्याला मी बराच लवकर पोहोचलो. खुर्च्या रिकाम्या होत्या, मैदानावर पाणी मारणं चाललं होतं. जिन्याच्या वळणावर पाऊल टाकलं आणि तो आला! भाजलेलं खोबरं, तेलात परतलेला कांदा, आणि त्या दोहोंच्या मागून दबकत येऊन एकदम पुढे होणारी ती भिवापुरी मिरची. विजेच्या शेगडीवर, धुराड्याला चुकवून, कडुनिंबावाचून, अगदी तोच वास. मी तिथेच उभा राहून पोटभर श्वास घेतला. मग गाळ्यापुढे गेलो. वहिनींनी मला पाहिलं, वाटीत थोडी तर्री घातली आणि पुढे सरकवली. मी वाटीला हात लावला नाही.

"वहिनी," मी म्हणालो, "त्या दिवशी तर्रीत काहीच कमी नव्हतं. मला चव कळत नव्हती, आणि तसं सांगायची मला लाज वाटली. तुम्ही विचारलंत, तेव्हा मी तुमच्याशी खोटं बोललो. आणि तुम्ही माझं नाव घेतलं नाहीत, तेव्हा मी गप्प राहिलो. माझं चुकलं. मला माफ करा."