चांगुणाबाईचं बोट

चांगुणाबाई परतूरकडून आमच्या गावात सून होऊन आली ती चार इयत्ता शिकून. सासू गिरिजाबाईला हे पहिल्या दिवसापासून खुपलं. कापूस वेचताना या सुनेच्या हाताला आणि बोलताना तोंडाला कुणी गाठू शकत नसे. सासू-सुनेच्या कटकटी घरोघर पोचवायचं काम माझं, ते मी नाकारत नाही. पण चौऱ्याहत्तर सालच्या या गोष्टीत थोडा दोष माझाही आहे.

मोठी जाऊ वारल्यावर तिची सत्यशीला चांगुणाबाईनंच वाढवली. पोर सहा वर्षांची झाली तरी तिला 'क' येईना. काकीला ती 'ताती' म्हणायची आणि बापाचं, कडूबाचं, नाव 'तडूबा' सांगायची. बौद्धवाड्याच्या ओट्यावर बसलेले आम्ही रिकामटेकडे हटकून विचारायचो, "सत्ये, बापाचं नाव काय गं?" ती सांगायची, आम्ही हसायचो. एक दिवस तिनं सांगितलंच नाही. रडत घरी पळाली.

त्याच संध्याकाळी गिरिजाबाईनं ठरवलं. "येत्या बाजाराला पिंपळगावला न्यायची. तिथला म्हातारा जिभेखालची दोर कापून देतो. जूनला शाळा हाय. अशी बोबडी गेली तर पोरं जगू देतील का?"

चांगुणाबाई म्हणाली, "आत्याबाई, भिवाच्या लेकराची त्यानंच कापल्ती. पंधरा दिवस पेजेवर होतं ते. तोंडातून पू येत होता."

"मंग हिला जलमभर हसं करून घ्यायचं?"

"बाजाराला पाच दिवस हायेत. तेवढे मला द्या."

"दिले. सहाव्या दिवशी बोलायचं न्हाई बिलकुल."

चांगुणाबाई इथं चुकली. चुलीपुढं पोरीला समोर बसवून ती घोकून घ्यायला लागली. "म्हण, काकी." "ताती." "न्हाई! काकी!" दुसऱ्या दिवशी आवाज चढला, तिसऱ्या दिवशी तर बाहेर ओट्यावर ऐकू यायला लागला. चौथ्या दिवशी पोरीनं बोलणंच सोडलं. पाणी हवं तर रांजणाकडं हात करायची.

"होतं ते बी घालवलंस," सासू म्हणाली. चांगुणाबाईनं त्या दिवशी भाकरीला हात लावला नाही.

पाचव्या दिवशी सकाळी ती पोरीचे दात राखुंडीनं घासून देत होती. जीव थाऱ्यावर नव्हता, बोट जरा जोरानं दाबलं गेलं. पोर कळवळून ओरडली, "काकी!"

चांगुणाबाईचा हात तिथंच थांबला. तिनं बोट काढलं. "परत म्हण." "ताती." बोट धुऊन पुन्हा जिभेच्या शेंड्यावर ठेवलं. "आता?" "काकी." शेंडा दबला की 'त' निघत नव्हता, मागची जीभ आपोआप वर जात होती. दिवसभर दोघींनी तेच केलं. पण बोट काढलं की पुन्हा 'ताती'च.

बाजाराच्या दिवशी तिघी निघाल्या. मी मागोमाग होतोच, कांद्याचं बी घ्यायचं निमित्त करून. म्हाताऱ्यानं पोरीचं डोकं मांडीवर घेतलं आणि धार लावायला वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर फिरवायला लागला. पोरीनं काकीचा पदर मुठीत धरला.

"थांबा!" चांगुणाबाईनं बोट पोरीच्या तोंडात घातलं. "म्हण."

"काकी."

"बोट काढ," म्हातारा म्हणाला. बोट निघालं. "ताती."

म्हातारा हसला. चांगुणाबाई सासूकडं वळली. "आत्याबाई, दोर आड येत असती तर बोटानं तरी 'क' कसा आला असता? शब्द तिच्या जिभेत हाय. थोडे दिवस द्या."

म्हातारा म्हणाला, "जल्दी करा, लोकं खोळंबून राह्यले." तशी गिरिजाबाईनं म्हाताऱ्याच्या रांजणातलं पाणी घेऊन हात धुतले आणि ती नातीपुढं उकिडवी बसली. सुनेवर तिचा भरवसा नव्हता, हे तिनं लपवलंही नाही. "माझ्या बोटानं म्हण."

"काकी."

म्हातारीनं बोट तसंच ठेवलं. "पुन्हा म्हण."

"काकी."

तिनं नातीला म्हाताऱ्याच्या मांडीवरून उचललं. "वस्तरा ठिव बाबा. चल गं चांगुणा, मीठ-मिरची घ्यायची राहिलीय."

पोळ्यापर्यंत बोटाची गरज सरली. एकदा ओट्यावरून मी सवयीनं विचारलं, "सत्ये, बापाचं नाव काय गं?"

"कडूबा," ती चालता चालता म्हणाली. "किती खेपा इचारता, काका?"