कापून टाकलेला आवाज

शाळेच्या गॅदरिंगचं शूटिंग कॉम्प्युटरमध्ये उतरवायला शूटिंगवाले काका बसले आणि काम अर्ध्यावरच अडलं. जागा शिल्लक नाही, असं पडद्यावर लिहून आलं. म्हातारं मशीन, पोट भरलेलं. आता त्यात घासभरही जाईना.

त्या भागातली निम्मी लग्नं काकांनी टिपलेली. घराची पुढची खोली हाच स्टुडिओ. मागच्या खोलीत ते एकटे राहत. काकू जाऊन तीन वर्षं झाली होती आणि मुलगी नोकरीसाठी लांबच्या शहरात.

ते कॉम्प्युटरच्या दुकानात गेले. दुकानदार जुन्या ओळखीचा.

"काका, लोकांना फिल्म दिलीत ना? मग कच्चं शूटिंग ठेवून काय लोणचं घालायचंय? उडवा सगळं. त्यातल्या एकदोघांचे तर घटस्फोटही झाले असतील."

"ते त्यांनी उडवलं," काका म्हणाले. "मी नाही उडवणार."

"बरं, मग मशीनमध्ये दुसरी हार्ड डिस्क टाकू. घेऊन या, बसवून देतो."

"मशीन घराबाहेर जाणार नाही. तू डिस्क दे आणि कसं करायचं ते सांग."

दुकानदाराला हा हट्ट वाटला. काकांनीही खुलासा केला नाही. प्रत्येक लग्नात काकू शूटिंगचा दिवा धरून उभ्या असायच्या. दिव्यामागचं माणूस चित्रात कधी येत नाही, त्यामुळे त्यांचे धड फोटोही नव्हते. आवाज मात्र सगळीकडे होता. 'अहो, सावली पडतेय, डावीकडे सरका.' 'नवरीबाई, मान जरा वर.' 'आजोबा, झोपू नका हं, दोनच मिनिटं!' फिल्म तयार करताना काका तो आवाज निगुतीनं कापायचे आणि तिथे संगीत घालायचे. गिऱ्हाइकाला कशाला हवी दिवा धरणारीची बडबड? आता काकूंचा आवाज उरला होता तो फक्त त्या कच्च्या शूटिंगमध्ये.

दुसऱ्या दिवशी चहा झाल्यावर त्यांनी मशीनची वायर काढली, ते टेबलावर आडवं केलं आणि बाजूचं झाकण उघडलं. आत पंख्यावर धुळीची गोधडी. ब्रशनं झटकता झटकता ठसका लागला. नवी डिस्क उचलण्याआधी मशीनच्या पत्र्याला हात लावून घेतला, कारण अंगातली वीज डिस्कला बाधते असं दुकानदारानं बजावलं होतं. जुन्या डिस्कखाली एक कप्पा रिकामा होता, पण केबल लावायच्या जागा दोनच. एक जुन्या डिस्कनं अडवलेली, दुसरी डीव्हीडी रायटरनं. हल्ली डीव्हीडी मागतंय कोण? काकांनी तिच्या दोन्ही केबल सोडवल्या आणि नव्या डिस्कसाठी ठेवल्या.

नवी डिस्क कप्प्यात सरकली, पण आतल्या बाजूच्या स्क्रूचं भोक दिसेना. एका हातात डिस्क, दुसऱ्यात स्क्रूड्रायव्हर. शेवटी टॉर्च दातात धरला. स्क्रू निसटून तळाशी पडला, तसे ते सवयीनं म्हणाले, "अगं, जरा खाली धर."

दातात टॉर्च असल्यानं शब्द धड फुटलेच नाहीत. काकांनी टॉर्च काढून पुसला आणि स्क्रू शोधला.

मशीन सुरू झालं, पण नवी डिस्क कुठेच दिसेना. त्यांनी दुकानदाराला फोन लावला.

"काका, नवी डिस्क कोरी पाटी असते, आधी आखून घ्यावी लागते. डिस्क मॅनेजमेंट उघडा. जिच्यापुढे काळी पट्टी आणि 'अनअलोकेटेड' असं आहे, तीच फॉरमॅट करा. चुकून दुसरी केलीत तर सगळं धुऊन निघेल बरं!"

काकांनी चष्मा पुसला, डिस्कचा आकार खोक्यावरच्या आकड्याशी ताडून पाहिला आणि मगच बटण दाबलं. नवी डिस्क जुनीच्या शेजारी दिसली. जुन्या लग्नांच्या फाइलींवरून नजर फिरवली. सगळी जागच्या जागी. जीव भांड्यात पडला.

फाइली तिकडे हलू लागल्या, अगदी मुंगीच्या पावलांनी. दोन लग्नं जुन्या डिस्कवरून वाचताच येईनात. काकांनी खूप खटपट केली, मग नाद सोडला. ती गेली ती गेलीच.

दुपारी मुलीचा फोन आला.

"बाबा, जेवलात का?"

"जेवेन. मशीनचं काम काढलंय."

"अजून तेच मशीन? नवं का नाही घेत?"

एक लग्न सुरू करून काकांनी फोन स्पीकरजवळ धरला. गलक्यातून आवाज आला, 'अहो, किती वेळ? माझा हात भरून आलाय. नवरदेव, हसा ना, रडायला आयुष्य पडलंय!'

"परत लावा," मुलगी म्हणाली.

काकांनी परत लावलं, आणि पुन्हा एकदा. मग तिला कुणीतरी कामावर हाक मारली. "मी सुट्टीत येते, बाबा. सगळं ऐकू," असं म्हणून तिनं घाईत फोन ठेवला.

सुट्टीत तिला जमलं नाही. काकांनी काही तुकडे फोनवर पाठवले. ती ऐकते, पण उत्तर लिहीत नाही, आणि काकाही विचारत नाहीत.

गॅदरिंगची फिल्म वेळेवर गेली. संध्याकाळी हातातलं काम संपलं की काका एखादं लग्न उघडतात. चित्राकडे बघत नाहीत. पाठ टेकून डोळे मिटतात आणि कुणा परक्याच्या गर्दीत दिव्यामागून येणारा तेवढा आवाज ऐकत बसतात.